शपथेवर सांगितलेलं मत

लॉरेन हुडाकनं आपलं मत आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. नवरा होता तोवर नवऱ्याला नाही, आणि सख्ख्या भावालाही नाही. हे वळण बापाचं. बाप पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीत राबायचा आणि निवडणुकीच्या दिवशी चर्चच्या तळघरातल्या मतदान केंद्रावर प्रमुख म्हणून बसायचा. एका कोपऱ्यात मतदान चालायचं, दुसऱ्या कोपऱ्यात गावातल्या बायका चर्चच्या मदतीसाठी बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी विकायच्या. एखादा माणूस मत देऊन बाहेर येत 'आपण तर अमक्याला दिलं बुवा' म्हणाला की बाप डाफरायचा, "पिरोगी घे आणि घरी चालता हो. तुझं मत तुझ्यापाशी ठेव." घरी आईनं सहज विचारलं तरी हेच उत्तर. आई बिचारी शेवटपर्यंत अंदाज बांधत राहिली.

आणि आता, तपास खात्यात केस पांढरे झाल्यावर, अख्खा देश लॉरेनला तोच एक प्रश्न विचारत होता. टीव्हीवर विचारत होता, वर्तमानपत्रांतून विचारत होता, पेट्रोल भरताना शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून विचारत होता. बाई, तुम्ही कोणाच्या?

प्रकरण हॅलर्स लँडिंग नावाच्या नदीकाठच्या गावाचं. पुराचं पाणी आत येऊ नये म्हणून सरकारनं तिथं भिंत बांधली होती आणि भिंतीशी पाणी उपसायचे पंप बसवले होते. पंपांचं कंत्राट राष्ट्राध्यक्षांच्या जुन्या मित्राला मिळालं. पूर आला त्या दिवशी एकही पंप सुरू झाला नाही, आणि वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावरची म्हातारी माणसं आपापल्या पलंगांवर बुडून मेली. पंप कधी कोणी तपासलेच नव्हते. तपासू नका, असा फोन वरून आला होता. एवढं लॉरेनच्या पथकानं दोन वर्षांत शोधून काढलं होतं. फोन किती वरून आला होता, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्यासाठी दोन माणसांच्या साक्षी व्हायच्या होत्या.

पदावर असेपर्यंत राष्ट्राध्यक्षावर खटला भरत नाहीत. फक्त चौकशी करायची आणि काय सापडलं ते संसदेपुढे ठेवायचं. म्हणजे चौकशी बंद पडली की सगळं संपलं, मग बुडाले ते बुडाले. आणि आज संध्याकाळी संसदेची समिती तेच ठरवणार होती. लॉरेनला शपथेवर समोर बसवायचं, ती निःपक्षपाती आहे की नाही याची खात्री करायची आणि मग मतदान घ्यायचं. समितीत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचं पारडं एका मतानं जड होतं.

पंपांबद्दल मात्र कोणी बोलत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि इथं तर संन्याशानं गळ्यात दोर घालून घ्यायला स्वतःच्या पायानं यायचं होतं.

सुनावणीच्या दालनाबाहेर ती बाकावर बसली होती तेवढ्यात भावाचा फोन आला. स्टॅननं सकाळी फोन केला म्हणजे टीव्ही बघून केला, हे ठरलेलं.

"काय लॉरी, आज सुळावर चढवणार म्हणे तुला."

"चढवू देत. तू औषध घेतलंस का?"

"औषधाचं तू विचारूच नकोस." स्टॅन थांबला, खोकला. त्याच्या खोकल्याला वेळ लागायचा, खाणीतली धूळ होती ती. "कोणाच्या दवाखान्यातलं औषध घेतो मी? कोणी उघडला तो दवाखाना? तीस वर्षं सगळे येऊन नुसते हात हलवून गेले. या एका माणसानं सांगितलं, खाणवाल्यांसाठी दवाखाना काढतो, आणि काढला. आत्ता तुझ्याशी बोलतोय ना, तेव्हा नाकात त्याचीच नळी आहे. आणि माझी सख्खी बहीण त्याच्या मुळावर उठली!"

"मी कोणाच्या मुळावर उठले नाही, स्टॅन. पंप का चालले नाहीत ते बघतेय."

"हो, हो. सगळ्या गावाला ठाऊक आहे तू काय बघतेयस. मला किराणा घ्यायला जायची चोरी झालीय. बाबा असते तर—"

"बाबा असते तर त्यांनी तुला पिरोगी घेऊन घरी धाडलं असतं."

स्टॅनला हसू आलं आणि हसण्यातून पुन्हा खोकला. तो खोकला संपेपर्यंत लॉरेन नेहमीसारखी थांबून राहिली. खरं सांगायचं तर तिनं मत त्या माणसालाच दिलं होतं. त्या दवाखान्यासाठीच दिलं होतं. पडद्यामागे उभं राहून, भावाचा श्वास आठवून, तिनं राष्ट्राध्यक्षांच्या नावापुढची खूण केली होती. आणि पुढे पंपांचे कागद हातात आले तेव्हा ते मत बाजूला ठेवून ती कामाला लागली होती. हे तिला अवघड गेलं नव्हतं. न्हाव्याची आवडनिवड गिऱ्हाइकाच्या डोक्याला लागत नाही, तसं.

"ठेवते," ती म्हणाली. "आत बोलावतायत."

आत अजून कोणी बोलावत नव्हतं. एमॉस टिलरी कॉफीचे दोन कागदी पेले घेऊन आला होता. एमॉस पथकाचा हिशेबनीस, बॉल्टिमोरचा, चर्चच्या गायकवृंदात खर्जात गाणारा आणि एरवीही खर्जातच बोलणारा मोठ्या अंगाचा काळा माणूस. आज त्यालाही तिच्या शेजारी शपथेवर बसायचं होतं. पैशांची वाट त्यानं शोधली होती, कोणी विचारलंच तर त्यानं सांगायचं.

"भाऊ का?" त्यानं विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"तुझा चेहरा बघून. दात दुखत असल्यासारखा होतो." तो शेजारी बसला तसा बाक करकरला. "ऐक. ते तुला मत विचारणार."

"विचारू देत. मी सांगणार नाही."

"आज सगळा दिवस विचारतील. ओरडून विचारतील, गोड बोलून विचारतील. तू कोणाला दिलंस ते मला ठाऊक नाही, आणि बाई गं, मला सांगूही नकोस. पण माझं बघ. मी कागदोपत्री राष्ट्राध्यक्षांच्या विरोधी पक्षाचा आहे. का आहे? आमच्या शहरात महापौर कोण होणार ते त्या पक्षाच्या आतल्या निवडणुकीतच ठरतं. नंतरची निवडणूक म्हणजे नुसतं लग्नानंतरचं जेवण. पक्षात नाव नोंदवलं नाही तर आतल्या निवडणुकीत मत देता येत नाही. माझ्या गल्लीतला कचरा उचलला जावा म्हणून मी नाव नोंदवलंय. पण हे कोणाला पटणार?"

"पटायला हवं."

"हवं तर खूप काही आहे." त्यानं कॉफी संपवली. "नियम आपल्या बाजूनं आहे. मत विचारायचं नाही, सांगायचं नाही. आपण दोघांनी तोंड मिटलं तर ते दोघांचं सारखंच मिटलेलं. पण तू सांगितलंस, काहीही सांगितलंस, तर माझं न सांगणं हेच सांगणं होऊन बसेल. आणि माझंच नाही, पथकातल्या सगळ्यांचं. कळतंय ना?"

"एमॉस, मी काय काल जन्मले का?"

"म्हणून तर भीती वाटते. थकलीयस तू."

ती खरंच थकली होती. गेले कित्येक आठवडे घरावर कोणीतरी अंडी फेकून जात होतं. अंड्यांचं काही नाही, धुता येतात. पण आपण दोन वर्षं ज्याच्यासाठी हाडाची काडं केली ते सगळं आपल्यामुळे, आपण पुरेशा स्वच्छ दिसत नाही म्हणून, वाहून जाणार या विचारानं तिला घास गिळवत नव्हता. रोज कोणाकोणाची मनधरणी करावी, हात जोडावेत, पाय धरावेत असं वाटायचं. पण धरणार कोणाचे?

दालन खचाखच भरलं होतं. तिसऱ्या रांगेत नेहमीच्या जागी ओडेसा किम्स बसल्या होत्या. त्यांची आई वृद्धाश्रमाच्या त्या तळमजल्यावर बुडाली होती. प्रत्येक सुनावणीला किम्सबाई हॅलर्स लँडिंगहून रात्रभर बसनं यायच्या, बरोबर बसायला स्वतःची उशी आणायच्या आणि एक शब्द न बोलता परत जायच्या. लॉरेन त्यांच्याकडे बघून मान हलवायची, त्याही हलवायच्या. दालनात इतकंच, पण लॉरेनला त्याचा मोठा आधार वाटायचा.

शपथ झाली आणि खासदार ब्यूएल सुरू झाले. ब्यूएलसाहेब राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे, आवाज असा की माइकची गरजच नाही.

"हुडाकबाई, तुम्ही कोणत्या पक्षाच्या?"

"कोणत्याच नाही, साहेब. खात्यात आले तेव्हापासून कुठंही नाव नाही."

"कोणत्याच नाही! म्हणजे लपवायला बरं." टाळ्या. "तुम्ही ज्या कोळशाच्या गावच्या, तिथले तुमचे लोक राष्ट्राध्यक्षांवर जीव टाकतात. तुम्ही एकट्याच अशा कशा निपजलात?"

"तो प्रश्न माझ्या आईला विचारायला हवा होता, साहेब. ती आता नाही."

हशा पिकला. ब्यूएलसाहेब लाल झाले. "शेवटच्या निवडणुकीत मत कोणाला दिलंत?"

"ते मी सांगणार नाही. खात्याचा तसा दंडक आहे, आणि माझाही."

"कशाला घाबरताय?"

"घाबरत नाही."

"मग सांगा!"

"नाही."

असं जेवणापर्यंत चाललं आणि जेवणानंतरही चाललं. आळीपाळीनं सगळे उठले. कोणी तिच्या नवऱ्याच्या जुन्या मित्रांची नावं काढली, कोणी तिनं एकदा कुठल्याशा समारंभात राष्ट्राध्यक्षांच्या नावावर टाळी वाजवली नाही असं चित्रीकरण दाखवलं. तेव्हा तिच्या हातात बशी होती, पण बशी काही चित्रात आली नव्हती. विरोधी पक्षाचे लोक तिची बाजू घ्यायचे आणि ते तर अजून वाईट, कारण ते तिला आपल्यातलीच समजून डोळे मिचकावत होते. एक म्हणाले, "हुडाकबाई, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत," आणि तिला वाटलं, अहो, नका ना असू! तुम्ही पाठीशी आहात म्हणूनच मी बुडतेय.

तरी तिनं तोंड उघडलं नाही. ओरडणाऱ्या माणसापुढे गप्प बसणं तिला जमत होतं, बापाच्या घरात त्याचाच सराव झाला होता. एमॉस शेजारी घट्ट बसून होता. मधेच त्यानं पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

मग ऑस्ट्रँडरबाईंची पाळी आली.

ग्वेन ऑस्ट्रँडर नेब्रास्काच्या. खासदार व्हायच्या आधी गाईगुरांच्या डॉक्टर होत्या, अजूनही हात तसेच रुंद. पक्ष राष्ट्राध्यक्षांचाच, पण या एकट्या बाईनं अजून आपलं काय ते सांगितलं नव्हतं. ते एक मत म्हणजे यांचं. सगळ्या दालनाला ते माहीत होतं, म्हणून त्या बोलायला लागल्या तशी कुजबुज थांबली.

"हुडाकबाई, दमला असाल तुम्ही," त्या म्हणाल्या. "पाणी घ्या आधी."

लॉरेननं पाणी घेतलं. दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी तिच्याशी माणसासारखं बोलत होतं, आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तिला स्वतःचाच राग आला.

"मी तुमचं सगळं काम वाचलंय," ऑस्ट्रँडरबाई म्हणाल्या. "ती म्हातारी माणसं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. मला ही चौकशी मारायची नाहीये. कोणी काही म्हणो, फोन कोणी केला ते मलाही कळायला हवंय. पण मी घरी जाते तेव्हा लोक मला धान्याच्या दुकानात अडवतात. म्हणतात, ग्वेन, ती बाई आपल्या माणसामागे हात धुऊन का लागलीय? तिचा दावा आहे तरी काय त्याच्याशी? माझ्याकडे उत्तर नसतं. मी काय सांगू त्यांना?"

"सांगा की दावा नाही, बाई."

"नुसतं म्हणून नाही ना चालत. मला धरायला काहीतरी द्या. मी ओरडत नाहीये, तुम्हाला अडकवतही नाहीये. मी तुम्हाला हात देतेय. तुम्ही द्वेषानं आला नाहीत एवढं मला एका वाक्यात सांगता आलं, तर मी आज चौकशीच्या बाजूनं मत देते. सगळ्यांसमोर सांगते."

 एमॉसचा श्वास थांबला, ते लॉरेनला शेजारून कळलं. त्यानं मान अगदी किंचित हलवली. नको.

तिची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. किम्सबाई पुढे वाकल्या होत्या, उशी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. एक वाक्य. खरं वाक्य, खोटंही बोलायचं नव्हतं. एका खऱ्या वाक्यानं सगळं वाचणार होतं. दोन साक्षी झाल्या असत्या, फोन कोणाचा ते कळलं असतं, या बाईला आपल्या आईचं काय झालं ते कळलं असतं. आणि आपण काय कवटाळून बसलोय? बापाचं एक जुनं वेड! इकडे आड तिकडे विहीर झालं होतं, आणि विहिरीतून कोणीतरी मायेनं हाक मारत होतं.

"मी त्यांनाच मत दिलं होतं," लॉरेन म्हणाली.

क्षणभर कोणालाच कळलं नाही.

"राष्ट्राध्यक्षांना. माझा भाऊ खाणीतला आहे. ते दवाखाना काढणार म्हणाले म्हणून मी त्यांना मत दिलं. पंपांची चौकशी हाती आली तेव्हा ते मत मी बाजूला ठेवलं. बस, एवढंच."

तिला एकदम हलकं वाटलं. हे सांगायलाच हवं, की हलकं वाटलं, दोन वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. ऑस्ट्रँडरबाईंनी डोळे मिटून मान डोलावली. किम्सबाई मात्र मागे टेकल्या. आणि मग दालनात जो गलका उठला तो सभापतींच्या लाकडी हातोड्यालाही आवरेना.

आधी उठले ते सकाळी 'पाठीशी आहोत' म्हणणारे. "दोन वर्षं!" ते ओरडले. "दोन वर्षं ही चौकशी राष्ट्राध्यक्षांच्या मतदाराच्या हातात होती! तरीच म्हटलं, इतकी रेंगाळली कशी. आम्हाला अंधारात ठेवलं!" सकाळी डोळा मिचकावलेला माणूस हा, आणि आता तिच्याकडे असा बघत होता की तिनंच पंप बिघडवले.

मग ब्यूएलसाहेब. ते ओरडले नाहीत. ते हसत होते.

"हुडाकबाई, तुम्ही तर आमच्या निघालात! आधी सांगितलं असतंत तर जेवायला नेलं असतं." हशा. "आणि काय झालं? आभाळ कोसळलं का? साधा प्रश्न, साधं उत्तर. कुठं गेला तो खात्याचा दंडक? असो. आता हाच साधा प्रश्न आपण टिलरीसाहेबांना विचारू. टिलरीसाहेब, तुम्हीही शपथेवर आहात. तुम्ही कोणाला मत दिलंत?"

एमॉसनं माइक स्वतःकडे ओढला. "मी सांगणार नाही, साहेब."

"तुमच्या प्रमुखांनी सांगितलं."

"ती त्यांची मर्जी."

"त्यांना लपवायचं काही नव्हतं. तुम्हाला आहे का?"

"साहेब, माझ्या बायकोनंही मला कधी विचारलं नाही, आणि तिनं मला बाकी सगळं विचारलेलं आहे."

कोणी हसलं नाही. ब्यूएलसाहेबांनी कागद उचलला. तो गुप्त वगैरे काही नव्हता, मतदार नोंदणी कोणालाही बघता येते. "विरोधी पक्षाचे नोंदणीकृत सदस्य. बरोबर?"

"बरोबर. आमच्या शहरात महापौर त्या पक्षाच्या आतल्या निवडणुकीत ठरतो. माझ्या गल्लीतला कचरा—"

"कचरा!" ब्यूएलसाहेब म्हणाले, आणि आता मात्र सगळे हसले. ते हसणं थांबेपर्यंत एमॉस ताठ बसून राहिला. कपाळावरचा घाम त्यानं पुसला नाही.

लॉरेननं माइक पकडला. "सभापती, मी माझं उत्तर मागे घेते."

"शपथेवरचं उत्तर मागे घेता येत नाही, बाई. दुरुस्त करता येतं. चुकीचं होतं का?"

"नाही. खरं होतं."

"मग?"

"द्यायला नको होतं. मी विनंती करते. हात जोडते. आमच्या पथकात कोणी कोणाला मत दिलं ते मला दोन वर्षांत ठाऊक नव्हतं. आम्ही विचारलंच नाही कधी! पंप बघा ना. पंपांबद्दल एकानं तरी विचारा!"

तिचा आवाज फाटला. हात दाखवून अवलक्षण केलं होतं तिनं, आणि आता हात मुठीत झाकून काय उपयोग? सभापतींनी तिला शांत व्हायला सांगितलं.

ऑस्ट्रँडरबाई शेवटी बोलल्या, आणि त्यांच्या बोलण्यात एक अक्षर कपटाचं नव्हतं, हेच तर दुःख. "हुडाकबाई, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास बसला. शब्द दिला तो मी पाळणार. चौकशी चालू राहील. पण टिलरीसाहेबांनी नाही म्हटल्यावर मी घरी जाऊन काय सांगू? बाकीच्या पथकाचं मला कसं कळणार? माझी सूचना अशी. नवं पथक नेमा. निम्मे या पक्षाचे, निम्मे त्या पक्षाचे, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको. प्रमुख हुडाकबाईच राहतील. माणसं त्यांनीच पारखून घ्यावीत."

निम्मे इकडचे आणि निम्मे तिकडचे, याला म्हणे निःपक्षपात म्हणायचं! पण ती सूचना दोन्ही बाजूंना आवडली. दोन्ही बाजूंना आवडलेली दिवसभरातली ती एकच गोष्ट. हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. जुन्या पथकानं सगळे कागद कुलूपबंद करून द्यायचे, नव्या माणसांच्या नावांना दोन्ही पक्षांनी होकार द्यायचा, मग कामाला लागायचं. होकार यायला पुढची निवडणूक उजाडणार, हे दालनातल्या दाराशी उभ्या शिपायालाही कळत होतं. आणि ज्या दोघांच्या साक्षी व्हायच्या होत्या ते एमॉसच्या शब्दावर बोलायला तयार झाले होते. नव्या अनोळखी माणसांपुढे ते कशाला तोंड उघडतील?

बाहेर बाकावर एमॉसनं गळ्यातलं ओळखपत्र काढून तिच्या हातात दिलं.

"शिवी दे मला," लॉरेन म्हणाली. "काहीतरी बोल."

"काय बोलू? किम्सबाईंसाठी केलंस, दिसलं मला. मीही मोडलो असतो कदाचित. नेब्रास्कावालीनं पाणी प्यायला सांगितलं ना, तेव्हाच म्हटलं, गेलो आपण." तो उठला, कोट चढवला. "सांगितलं होतं गं मी तुला."

"हो."

"रविवारी चर्चमध्ये लोक माझी पाठ थोपटतील. त्याच्या विरोधात उभा राहिलास म्हणतील. मी कोणाच्या विरोधात उभा नव्हतो, लॉरेन. नुसता बसलो होतो." एवढं बोलून तो जिन्यानं खाली गेला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

फोन वाजत होता. स्टॅन. आवाजात लग्नघरातला आनंद.

"अगं लबाडे! आपली निघालीस की तू! सगळी गल्ली दारात येऊन विचारतेय. मी रडलो, लॉरी, खरंच रडलो. आता त्या काळ्या हिशेबनिसाला हाकललं ते बरं झालं, तोच असणार सगळ्याच्या मुळाशी—"

तिनं फोन बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्टॅनचा खोकला संपायची वाट पाहिली नाही. खोकला आलाही नव्हता.

मग किम्सबाई आल्या. उशी बगलेत, पायांत बसच्या प्रवासाचे जाड बूट. सुनावणीनंतर त्या कधीच जवळ येऊन बोलल्या नव्हत्या, त्यामुळे लॉरेन उठून उभी राहिली.

"चौकशी चालू राहणार म्हणाले."

"हो, किम्सबाई. नवीन माणसं येतील. वेळ लागेल."

"पुन्हा पहिल्यापासून?"

"बऱ्याच गोष्टी, हो."

"माझा जबाब पुन्हा घेतील?"

"घ्यावा लागेल."

किम्सबाईंनी थोडा विचार केला. "तुम्ही पहिल्यांदा वृद्धाश्रमात आलात, आईचा पलंग बघायला. तेव्हा मी तुम्हाला विचारलं नाही तुम्ही कोणाच्या. माझ्या मनातही आलं नव्हतं. तुम्ही पलंगाखाली वाकून भिंतीवरची पाण्याची रेघ बघितलीत, मला तेवढं पुरे होतं." त्यांनी उशी या हातातून त्या हातात घेतली. "आता ती नवीन माणसं येतील तेव्हा ती मला विचारतील का? मी कोणाला मत दिलं, आईनं कोणाला दिलं होतं?"

"नाही, नाही," असं म्हणायला लॉरेननं तोंड उघडलं. पण ते राहूनच गेलं, कारण ती बघत होती. किम्सबाईंचा कोट बघत होती, कॉलरवरची चर्चची पिन बघत होती, हॅलर्स लँडिंग कुठल्या जिल्ह्यात येतं आणि तो जिल्हा कोणाच्या बाजूचा, हे मनातल्या मनात जुळवत होती. दालनातून बाहेर पडल्यापासून ती प्रत्येकाकडे अशीच बघत आली होती. शिपायाकडे, पत्रकारांकडे, जिन्यावरून उतरणाऱ्या एमॉसच्या पाठीकडेसुद्धा.

किम्सबाईंच्या ते लक्षात आलं. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या एक पाऊल मागे सरल्या.

"विचारा की," त्या म्हणाल्या. "आता माणसं पारखायचं काम तुमच्याकडेच आहे ना? विचारा."

 आणि लॉरेनला ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं.